काळी-पिवळीतल्या वेड्यांची बाजू

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. वऱ्हाडाला तिसराही एक प्रकार ठाऊक आहे. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना त्यांच्या काळात लोक वेडा म्हणत. कुणाचंही घर त्यांना परकं नव्हतं, कुठल्या वस्तीत जावं आणि कुठल्या नाही याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. त्याच वेड्याच्या लीळा म्हाइंभटांनी पुढे जपून लिहून ठेवल्या. मला ज्या वेड्यांची स्तुती करायची आहे ते या तिसऱ्या जातीचे. ते वाशीम जिल्ह्यात राहतात, त्यांच्या दारात चारचाकी नाही, आणि अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून ते काळी-पिवळी जीपने फिरतात.

आमच्याकडे गाडी घेणारा माणूस शहाणा समजला जातो. सोयाबीनला भाव मिळाला, पोरगा नोकरीला लागला, की दारात गाडी येते. हळद-कुंकू वाहिलं जातं, चाकाखाली लिंबू ठेवला जातो, गल्लीत पेढे वाटले जातात. तो आनंद खरा असतो. पण ऐपत असून जो गाडी घेत नाही, त्याच्याबद्दल सोयरे हळहळतात. ‘एवढं वावर हाये, पण मानूस अजून जीपनंच फिरते,’ हे वाक्य लग्नाच्या मांडवात हमखास ऐकू येतं. असा माणूस वेडा आहे, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच, की त्याच्या वेडावर हा जिल्हा चालतो.

त्याचा पहिला वेडेपणा वाट पाहण्याचा. वाशीमच्या पुसद नाक्यावर अनसिंगकडे जाणारी जीप उभी असते. तिचा नंबर लागलेला असतो, म्हणजे ती भरून निघाल्याशिवाय मागची जीप शीट घेणार नाही, हा चालकांचा आपसातला करार. प्रवाशाला इथे शीट म्हणतात. पोरगा ओरडत असतो, ‘अनसिंग, अनसिंग! एकच शीट, एकच शीट!’ प्रत्यक्षात अजून तीन कमी असतात. मधल्या बाकड्यावर एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली असते. ‘कुठी उतरतं व माय?’ ‘फाट्यावर उतरून दे बाप्पा.’ शेजारचा शिक्षक सरकतो, त्याच्या पलीकडची बाई लेकराला मांडीवर घेते, खताची पिशवी पायाखाली जाते. वीस मिनिटं जातात, कधी पाऊण तास जातो. शहाण्या माणसाला ही वेळेची नासाडी वाटते. पण त्या थांबण्यात जीपचं सगळं अर्थशास्त्र आहे. डिझेलचा खर्च सगळ्यांत वाटला जातो म्हणून म्हातारीला भाडं परवडतं, आणि जीप रिकामी धावत नाही म्हणून चालकाला कर्जाचा हप्ता भरता येतो. कुणी अनुदान दिलेलं नाही, कुणी वेळापत्रक छापलेलं नाही. वाट पाहण्याची तयारी हेच या व्यवस्थेचं भांडवल, आणि ते प्रवासी स्वतःच्या वेळेतून घालतात.

हे भांडवल इथे इतकं मोलाचं का, हे समजायला जिल्ह्याकडे पाहावं लागतं. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६० आणि त्यातले पाचात चारांहून अधिक लोक खेड्यात. जिल्हा झाला म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय आलं, जिल्हा परिषद आली, जिल्हा रुग्णालय आलं. ज्या कागदासाठी पूर्वी अकोल्याला जावं लागे त्यासाठी आता वाशीमला जायचं. पण मानोऱ्याच्या कडेच्या तांड्यावरून वाशीमला पोचायचं कसं, याचं उत्तर जिल्ह्याच्या अधिसूचनेत नव्हतं. ते उत्तर जीपवाल्यांनी दिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, तेव्हाही हाच प्रश्न होता. दवाखाना बांधून होतो, पण रोगी दवाखान्याच्या दारात पोचला तरच त्याचा उपयोग.

एसटीशी माझं भांडण नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, आणि तिच्याइतकी मोठी वाटून घेतलेली गाडी महाराष्ट्रात दुसरी झाली नाही. गंमत अशी की, त्याच १९४८ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये काही लोकांनी सहकारी संस्था काढून मोटारी सामाईक वापरायला घेतल्या. एकेकट्याला मोटार परवडत नव्हती, हे साधं कारण. आज युरोपात गाडी वाटून वापरण्याचा इतिहास सांगतात तो त्या संस्थेपासून. म्हणजे आमच्या रिसोडच्या वेड्याला आणि झुरिकच्या वेड्याला एकच गोष्ट कळली होती. फरक एवढाच, की झुरिकच्या वेडाची पुस्तकात नोंद झाली आणि आमच्या वेडाची पोलिसांच्या दंडाच्या पावतीवर.

एसटीने मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली. फार चांगलं झालं. ज्या गावात गाडी जाते तिथल्या बाया आता जास्त फिरतात, माहेरी जातात, पोरीला घेऊन परीक्षेला जातात. पण सवलत गाडीसोबत फिरते. ज्या गावात एसटी दिवसातून एकदा येते, किंवा पावसाळ्यात पूल बुडाला की येतच नाही, तिथे अर्धं तिकीट आणि पूर्ण तिकीट सारखंच. तिथली बाई जीपने जाते आणि पूर्ण भाडं भरते. गरीब बाईचा प्रवास सोपा करायचा असेल, तर ती ज्या गाडीत बसते त्या गाडीकडेही पाहावं लागेल.

दुसरा वेडेपणा वळून आत जाण्याचा. मोठ्या रस्त्यावरून जाणारी जीप फाट्यावर थांबते. उतरणारं माणूस म्हातारं असेल किंवा दवाखान्यातून परतत असेल, तर चालक न बोलता स्टिअरिंग वळवतो आणि गावापर्यंत सोडून येतो. बाकीची सगळी शीटं गप्प बसून राहतात. कुणी घड्याळ पाहत नाही असं नाही. पण कुणी उतरून भांडतही नाही. ज्यांच्या वेळेला किंमत आहे असं आपण मानतो ते लोक हे करणार नाहीत. यांनी केलं म्हणून गावाच्या टोकाचं घर नकाशात राहिलं.

फाटा ही तर वाशीम जिल्ह्यातली खरी नगररचना. जिथे जीप थांबते तिथे आधी एक चहाची टपरी लागते. मग पंक्चरचं दुकान, मग मेडिकल, मग कृषी केंद्र, मग सोयाबीन-तूर घेणारा व्यापारी काटा मांडतो. त्यानंतर झेरॉक्स आणि आधार कार्डाचं केंद्र, मग डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस बसायला लागतो. काही वर्षांत फाट्यावर पत्र्याची दुकानं जाऊन स्लॅबची होतात, वर खोल्या भाड्याने दिल्या जातात, आणि शिकणारी पोरं तिथे राहायला येतात. मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारासारखं चौफुलीवरचं गाव पाहिलं की हा क्रम डोळ्यांनी वाचता येतो. तिथे नगररचनाकार आले ते नंतर. माणसं कुठे उतरतात हे आधीच ठरलेलं होतं. वाटून घेतलेली गाडी गावं अशी वाढवते: थांब्याभोवती, चालत जाण्याच्या अंतरात, दाटीने.

ज्याची स्वतःची गाडी आहे त्याला फाट्यावर थांबायचं कारणच उरत नाही. तो थेट वाशीमला किंवा अकोल्याला जातो, मोठ्या दुकानासमोर गाडी लावतो आणि परत येतो. असे लोक वाढले की फाट्यावरचा मेडिकलवाला हळूहळू शटर ओढतो. मग ज्याच्याकडे गाडी नाही त्याला क्रोसिनच्या गोळीसाठीही तालुक्याला जावं लागतं. एकाच्या सोयीची किंमत दुसरा चुकवतो आणि दोघांनाही ते कळत नाही, म्हणून मला या गोष्टीचा राग येतो.

शहाण्याच्या गाडीचा आणखी एक हिशेब आहे. अमेरिकेतले नियोजनतज्ज्ञ डोनाल्ड शूप आयुष्यभर एक गोष्ट मांडत राहिले: खाजगी मोटार तिच्या आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ उभी असते. आमच्याकडची तर त्याहून जास्त उभी असेल; लग्न, दवाखाना आणि शेगावची वारी सोडली तर तिला काम कुठे असतं? उभ्या गाडीला बारा-तेरा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एका छोट्या दुकानाएवढी. वाशीमच्या जुन्या भागातल्या गल्ल्या वाकाटकांच्या वत्सगुल्म नगरावर वसलेल्या. त्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. तिथे दोन्ही बाजूंना एकेक गाडी लागली की भाजीवाली बाई रस्त्याच्या मधोमध येते, आणि शाळेला जाणारं पोर तिच्या पाटीला वळसा घालून ट्रकसमोरून जातं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. त्यात कुठल्या इमारतीला किती गाड्यांची जागा हवी याचे तक्ते आहेत. चौदा माणसं उतरवून दोन मिनिटांत निघून जाणारी जीप कुठे उभी राहील, हा प्रश्न आराखडा आखताना कुणी पहिला विचारत नाही. जागा मागतो तो उभ्या गाडीचा मालक, कारण त्याचा आवाज नगरपालिकेत पोचतो.

जर्मनीतल्या ब्रेमेन शहराने हा प्रश्न उलट विचारला. २००३ पासून तिथल्या नगरपालिकेने रस्त्यांलगत सामाईक गाड्यांसाठी ठरलेल्या जागा द्यायला सुरुवात केली. लोकांनी स्वतःची गाडी ठेवण्याची गरज कमी व्हावी आणि रस्त्यावरची जागा मोकळी व्हावी, हा उघड हेतू. त्यांच्याकडे हे नगरपालिकेचं धोरण झालं. आपल्याकडे तेच काम करणारा माणूस चौकातून हाकलला जातो.

हाकलण्याचा नियमही सांगतो. बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खाजगी प्रवासी गाड्यांनी उभं राहायचं नाही. एसटीचे प्रवासी पळवले जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार, आणि त्यात तथ्य आहे. एसटी तोट्यात गेली तर शेवटी गरिबाचंच नुकसान. पण दोनशे मीटर कोण चालतं ते पाहा. अकोल्याहून एसटीने आलेली, एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात सहा वर्षांचं पोर असलेली बाई चालते. तिला पुढे आडगावाला जायचं असतं, तिथे एसटी जात नाही. मे महिन्यात वाशीमच्या उन्हात ते दोनशे मीटर म्हणजे काय, हे तिला विचारावं. दोन गाड्या एकमेकींच्या शत्रू आहेत असं धरून केलेल्या नियमाची किंमत ती बाई आपल्या पायांनी मोजते. एसटी मोठ्या रस्त्याने यावी, जीपने आतल्या रस्त्याने जावं आणि दोघींनी एकाच छपराखाली भेटावं, ही व्यवस्था करायला पूल बांधावा लागत नाही. एका भिंतीत दार पाडलं तरी पुरतं.

कायद्याचंही मन या बाबतीत दोन ठिकाणी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या गाडीला मॅक्सीकॅब म्हटलं आहे. कराराच्या गाडीने करारात नसलेला प्रवासी वाटेत चढवू-उतरवू नये, असं तो कायदा सांगतो. कराराच्या गाडीच्या त्याच व्याख्येत तो पुढे मॅक्सीकॅबला सामावून घेतो, आणि टॅक्सीतल्या प्रवाशांनी वेगवेगळं भाडं दिलं तरी ती कराराचीच गाडी, हेही मान्य करतो. म्हणजे ज्यांनी कायदा लिहिला त्यांना ठाऊक होतं की या देशात माणसं गाडी वाटून घेतात. नंतर मात्र आपण त्या ओळीकडे पाहणं सोडलं. जानेवारी २०२३ मध्ये राज्याने अधिसूचना काढून खाजगी नोंदणीच्या गाड्या ॲपवरून सामाईक वापरायलाही मनाई केली. विमा, सुरक्षितता, परवानाधारक चालकांचं पोट, ही कारणं खोटी नव्हती. पण मनाई करणं हे काम निम्मं झालं. उरलेलं निम्मं म्हणजे मग लोकांनी जायचं कसं हे ठरवणं.

आणि गरज पडली तेव्हा सरकारनेही याच वेड्यांकडे हात पसरला. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांची दुखणी खरी होती. त्या नोव्हेंबरात शासनाने खाजगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. आदल्या महिन्यापर्यंत जी वाहतूक अवैध होती तीच एकदम सार्वजनिक सेवा झाली. शाळा, बाजार, बाळंतपणं त्या महिन्यांत थांबली नाहीत, त्याचं मोठं श्रेय दाराच्या कडेला अर्ध्या मांडीवर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना आहे. संप मिटला आणि पावतीपुस्तक पुन्हा बाहेर आलं.

अर्ध्या मांडीवर बसून हाकणं मला मान्य नाही, हेही इथेच सांगतो. बाराच्या जागी सतरा माणसं कोंबणं, मागच्या पायरीवर कॉलेजच्या पोरांनी लोंबकळणं, टपावर माणसं बसवणं, याची स्तुती कुणी करू नये. यात माणसं मेली आहेत. पण ही कोंबाकोंबी परवान्याच्या टंचाईतून आणि हप्त्याच्या ओझ्यातून येते. ज्या चालकाला आज पावती फाटेल की उद्या हे माहीत नसतं, तो प्रत्येक फेरीत दंडाचे पैसे आधीच वसूल करून ठेवतो, म्हणजे तीन शीटं जास्त घेतो. आणि नुसती बंधनंच वाढवली तर काय होतं, तेही पाहा. लॉस एंजेलिसमध्ये १९१४ च्या सुमारास लोकांनी आपल्या मोटारी रस्त्यावर आणून थोड्या पैशांत प्रवासी न्यायला सुरुवात केली होती. ट्राम कंपन्यांच्या दबावाने शहरांनी एकामागून एक अटी लादल्या आणि काही वर्षांत ती वाहतूक संपली. ट्रामही पुढे संपल्या. उरली ती प्रत्येकाच्या दारातली गाडी, आणि गाडीशिवाय जिथे भाकरी आणता येत नाही असं शहर. कारंज्याच्या जुन्या लोकांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे हळू चालते म्हणून शहाणी माणसं तिच्यावर हसली. ती बंद पडल्यावर बाजाराला जाणाऱ्या मजुरांच्या हातात हसण्यासारखं काही राहिलं नाही.

आता समृद्धी महामार्ग आला आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, आणि तो आमच्या जिल्ह्यातून जातो. कारंजा आणि शेलूबाजारजवळ त्यावर चढता-उतरता येतं. त्यावर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी, आणि वाटेत थांबायला मनाई. १२० च्या वेगाच्या रस्त्यावर ते बरोबरच आहे. पण मग ज्याच्या शेतातून रस्ता गेला तो त्यावरून कसा जाणार? त्याची जीप जुन्याच रस्त्याने जाते. या महामार्गाच्या कडेने कृषी समृद्धीची नवनगरं वसवायची योजना आखली गेली. माझा सगळा जीव या एका गोष्टीत अडकलेला आहे. नवनगराचा आराखडा मोटारमालकाला डोळ्यांसमोर ठेवून आखला, तर गोदाम एकीकडे, बँक दोन किलोमीटरवर, दवाखाना पलीकडच्या टोकाला आणि मध्ये रुंद रस्ते, असं गाव होईल. काळी-पिवळीने उतरणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखला, तर बाजार, बँक, दवाखाना थांब्यापासून पाच मिनिटांच्या चालीवर येतील. दुसऱ्या गावात मोटारमालकालाही राहता येतं. पहिल्या गावात जीपने फिरणाऱ्याला राहता येत नाही.

सगळ्यात मोठी परीक्षा संध्याकाळची. शेवटची जीप अंधार पडायच्या आत निघते, कारण त्यानंतर शीटं मिळत नाहीत. म्हणून खेड्यातल्या पोरीने कुठला वर्ग घ्यायचा हे तिचे गुण ठरवत नाहीत, शेवटची जीप ठरवते. संध्याकाळी पाचनंतरची प्रॅक्टिकल असली की बाप म्हणतो, ‘राहू दे माय, दुसरं काही घे.’ तिच्या बापाला मी दोष देत नाही. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते तेव्हा मानोऱ्याच्या रस्त्यावर रात्रभर गाड्या असतात आणि बाया-पोरी बिनधास्त ये-जा करतात. म्हणजे अडचण रात्रीची नाही, गाडी नसण्याची आहे. रोज संध्याकाळी साडेसात आणि साडेआठला प्रत्येक तालुक्याहून दोन जीपा निघतील, भरल्या नाहीत तरी निघतील, आणि रिकाम्या शीटांचे पैसे नगरपालिका किंवा जिल्हा परिषद भरेल, एवढं ठरवायला हरकत काय? २०१८ पासून वाशीम देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. शिक्षण आणि आरोग्य यांचे आकडे दर महिन्याला वर पाठवले जातात. त्या आकड्यांत भर घालायला दोन जीपांच्या डिझेलइतकं स्वस्त काम दुसरं सापडणं कठीण.

बाकी मागण्या लहान आहेत. बसस्थानकाच्या आवारातच जीपांना एक बाजू द्या, वर पत्रा घाला, प्यायचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ संडास ठेवा. मार्गानुसार परवाने द्या आणि बारा म्हणजे बाराच शीटं नेणाऱ्याला पावतीच्या भीतीतून मोकळं करा. भाड्याचा फलक लावा. चालकांच्या नंबरच्या पद्धतीला हात लावू नका. ती त्यांनी भांडून, मिटवून, पुन्हा भांडून बसवली आहे आणि ती चालते. नाक्यावरच्या लिंबाखाली एका बाकाची जागा आहे, तिथे बाक टाका. आणि सोयाबीनचा पैसा हातात आला की गाडी बुक करायला निघालेल्या भावाला कुणीतरी आधी विचारा, भाऊ, वर्षातून किती दिवस लागते तुला ती?